बोटीवर काय नेसायचं?

मी निवृत्त झाले त्या संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "आता काय करणार?" मी म्हटलं, "बोटीनं गोव्याला जाणार." हे पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "मला नको हं तसलं. मला बसमध्येसुद्धा मळमळतं." म्हटलं, "तुम्हाला कोण नेतंय? मी आणि ताई जाणार आहोत."

पस्तीस वर्षं जळगावच्या शाळेत भूगोल शिकवला. भरती-ओहोटी फळ्यावर काढली, खारे वारे-मतलई वारे पाठ करून घेतले, आणि समुद्र स्वतः पाहिला तो चौपाटीवर भेळ खाताना. आमच्या खानदेशातल्या मुलींना समुद्र शिकवायचा म्हणजे मेहरूणचा तलाव डोळ्यांपुढे आणा आणि पलीकडचा काठ पुसून टाका, असं सांगावं लागतं. तो पुसलेला काठ एकदा आपणही बघावा, एवढीच माझी हौस होती.

आमच्या शेजारच्या काकू मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांना हे सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. "अगं, त्यात काय! आम्ही दर मे महिन्यात बोटीनंच गावी जायचो." मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या आगबोटी सुटायच्या. वळकट्या, ट्रंका, पोरंबाळं, सगळं डेकवर. सतरंजी पसरायची आणि झोपायचं. बंदर आलं की बोट खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. लुगड्याचा काष्टा घट्ट करून त्यात उतरायचं. "नेसायचं काय, हा प्रश्नच नव्हता बाई," काकू म्हणाल्या, "उलटीनं खराब झालं तरी चालेल असं जुनेरं नेसायचं!"

त्या बोटी १९८० च्या दशकात हळूहळू बंदच पडल्या. पुढे २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' मुंबई-गोवा धावू लागली, आणि २०२१ च्या सप्टेंबरापासून 'कॉर्डेलिया'चं मोठं जहाज मुंबईहून निघू लागलं. हे म्हणजे तरंगतं हॉटेलच. आता गावी जायला कुणी बोटीत बसत नाही, बोटीत बसायलाच बोटीत बसतात. आम्ही नेमकं कुठल्या जहाजानं गेलो ते इथं सांगत नाही. मला कुणाची जाहिरात करायची नाही, आणि उणंदुणंही काढायचं नाही.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, धुळ्याला दिलेली. भाऊजींचे चार यंत्रमाग होते. वीस वर्षांपूर्वी ते कर्जापायी विकावे लागले, तेव्हापासून ताईचं शिवणाचं मशीन घर चालवतंय. ब्लाउज, फॉल-पिको, परकर, लग्नसराईत तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. बोटीचं तिला विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, पैशांसाठी नाही म्हणेल. पण ती म्हणाली, "माझी भिशी लागलीय. माझं तिकीट मी काढणार. तुझ्या पैशानं येणार नाही." ऑगस्टमध्ये आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं तिकीट काढलं. पावसाळा सरून समुद्र शांत झालेला असतो आणि नाताळची गर्दी व चढे भाव अजून सुरू व्हायचे असतात.

आणि मग मला खुळ लागलं. पुण्याहून लेकीनं मोबाइलवर बोटीवरच्या बायकांचे फोटो पाठवले. लांब झगे, उघडे खांदे, रुंद कडांच्या टोप्या. मी फुले मार्केट पालथं घातलं. दोन पलाझो घेतले, गॉगल घेतला, टोपी घेतली. सासूबाई ब्याऐंशीच्या. त्या टोपीकडे बघून म्हणाल्या, "सूप का आणलं गं?" रोज रात्री एकेक वस्तू घालून आरशासमोर फोटो काढायचा आणि ताईला पाठवायचा, हा माझा उद्योग. खाली लिहायचं, 'कसं दिसतंय? तू काय घेतलंस?' ताईचं उत्तर यायचं, 'छान.' पुढे पुढे तेही येईना. मी समजले, लग्नसराईची कामं सुरू झाली असतील.

दसऱ्यानंतर एस.टी.नं एरंडोल-पारोळा करत धुळ्याला गेले. ताई जुन्या गावातल्या नंबरी गल्लीत राहते. जिना चढून बसते न बसते तोच ती म्हणाली, "मी येत नाही. गुडघे फार दुखतात. कापून जे पैसे परत मिळतील ते बघ." एवढं बोलून चहा ठेवायला आत गेली. मी गप्पच झाले. भाऊजींनी खिडकीबाहेर पाहिलं.

हातपाय धुवून पंचा घ्यायला तिचं कपाट उघडलं, तर साड्यांच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत एक गाऊन लटकत होता. गडद निळा, खाली झालर, किमतीची चिठ्ठी तशीच. तीन हजार दोनशे. बाहेर घालायचाच गाऊन, हं. आपल्याकडे सगळ्या जणी घरात घालतात तसला नव्हे.

ताई चहा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "भिशीतलेच उरलेले. दुकानात आरशासमोर घातला तेव्हा बरा वाटला. घरी घातला आणि सुनेनं तोंड फिरवलं. हसली नाही गं ती, नुसतं तोंड फिरवलं. परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणतो, घेतलेला माल परत नाही." मग मशीनजवळच्या स्टुलावर बसून म्हणाली, "तुझे फोटो यायचे ना, त्यांनी छाती दडपायची माझी. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवले मी. कुणाला काय शोभतं हे मला माप घेता घेता कळतं. मला तिथं काही शोभणार नाही, हेही कळतं."

मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू, माझ्या घशाखाली चहा उतरेना. चार चांगल्या साड्या असलेली बाई केवळ 'तिथं काय नेसू' एवढ्यापायी ऑगस्टमध्ये काढलेलं तिकीट रद्द करायला निघाली होती, आणि हे मी केलं होतं. विचारायच्या निमित्तानं मिरवत होते मी.

मी फक्त म्हटलं, "ताई, माझ्या पलाझोची शिवण मांडीत धरते. उसवून देतेस का?" तिनं चष्मा लावला. मग म्हणाली, "आण इकडे. आणि ते बोटवाल्यांनी काय काय लिहून दिलंय तेही वाच."

त्यांनी लिहून दिलं होतं ते असं: एका संध्याकाळी ठेवणीतले कपडे, एका संध्याकाळी सगळ्यांनी पांढरे कपडे, पोहण्याच्या तलावात फक्त पोहण्याचेच कपडे. साडी नको, असं कुठंही म्हटलेलं नव्हतं. पांढऱ्याचं ऐकून ताई थबकली. "सवाष्णीनं पांढरं?" मग स्वतःच म्हणाली, "लाल काठ लावला तर?" आमचे वडील धुळ्याच्या मिलमध्ये होते. त्यांनी आणलेला पांढऱ्या मलमलीचा तागा आईच्या ट्रंकेत तसाच पडून होता, लेकींच्या बाळंतपणासाठी ठेवलेला. आमची बाळंतपणं झाली, आई गेली, तागा राहिला. ताईनं त्यातून दोन साड्या काढल्या आणि चार बोटांचा लाल काठ मशीनवर लावला. तीच ताई, जी अर्ध्या तासापूर्वी तिकीट रद्द करत होती!

मग तिनं एकेक गोष्ट कपड्यांच्या अंगानं विचारायला सुरुवात केली. हे तिचं शिक्षण माझ्या भूगोलाच्या वरचढ निघालं, म्हणून तुम्हालाही सांगते.

पहिला प्रश्न वाऱ्याचा. डेकवर वारा अखंड असतो. हलकी जॉर्जेट नेसलात तर पदर तोंडावर आणि निऱ्या आकाशात. ताईनं पदराच्या टोकाच्या दुमडीत, पडदे शिवताना घालतात तसली बारीक वजनं घातली. परकर सुती घेतला, कारण नायलॉनवरून साडी घसरते. त्याला आतून साखळीचा चोरकप्पा. आधार कार्ड, थोडे पैसे आणि केबिनचं कार्ड त्यात. बोटीवर दार त्या कार्डानं उघडतं आणि खर्चही त्याच कार्डावर मांडला जातो, तेव्हा ते हरवून चालत नाही. दिवसा कॉटनचे सलवार-कुडते, कारण शिड्या चढाव्या लागतात. पायात रबरी तळाच्या, मागे पट्टा असलेल्या सपाट चपला. डेक पाण्यानं धुतात आणि दारांचे उंबरठे उंच असतात. टाचांच्या चपला माझ्या पिशवीत होत्या, त्या तशाच परत आल्या.

शाल मात्र हवीच. आम्ही उन्हाळ्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश सोसणारी माणसं. आपल्याला वाटतं, समुद्र म्हणजे दमट, मलमल पुरे. पण आत जेवणघरापासून नाटकगृहापर्यंत सगळीकडे वातानुकूलन, आणि ते असं की दात वाजावेत. इस्त्री नेऊ देत नाहीत, आगीची भीती म्हणून. त्यामुळे चुरगळणाऱ्या साड्या घरीच ठेवा, किंवा गुंडाळी करून न्या आणि न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून तिथं टांगा. केबिन आमच्या स्वयंपाकघराएवढी. भिंती लोखंडी, म्हणून चुंबकाचे आकडे नेले तर पिशव्या, पंचे टांगता येतात. ही युक्ती लेकीची.

कपड्यांखेरीज दोन गोष्टी. मोठी बॅग धक्क्यावरच घेतात आणि केबिनमध्ये ती काही तासांनी पोचते. तेव्हा औषधं, एक कपड्यांचा जोड आणि फणी-कुंकू हातातल्या पिशवीत असू द्या. आणि तिकिटावरचं नाव आधार कार्डावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. ताईच्या आधारवर माहेरचं आडनाव होतं, लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी. त्यासाठी तिला दोन खेटे घालावे लागले.

घराची व्यवस्था हा निराळाच लेख होईल. ह्यांच्यासाठी तीन दिवसांचं दळण-भाजी-आमटीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं, सासूबाईंच्या गोळ्या वारांप्रमाणे पुड्यांत बांधल्या. परत आले तेव्हा वेळापत्रक जिथल्या तिथं होतं आणि तिन्ही दिवस शेवभाजी बाहेरून आली होती. सासूबाईंनी चवीनं खाल्ली म्हणे.

निघताना मी जळगावला गाडीत बसले, ताई धुळ्याहून चाळीसगावच्या गाडीनं आली आणि चाळीसगावला माझ्या डब्यात चढली. तिच्या हातात कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि केळीचे वेफर्स. बोटीवर बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून इगतपुरीपर्यंत निम्मं संपवलं आणि उरलेलं डोंबिवलीला पुतण्याच्या घरी दिलं. आदल्या दिवशीच मुंबई गाठायची, हे पक्कं लक्षात ठेवा. गाडी उशिरा आली तर बोट थांबत नाही.

बॅलार्ड पिअरला जहाज समोर आलं तेव्हा ताईनं माझा दंड धरला. "इतलं मोठं!" एवढंच म्हणाली. आमच्या गल्लीतली सगळी घरं एकावर एक रचली तरी ते उंच झालं असतं. चढल्यावर आधी सगळ्यांना जमवून संकटकाळी कुठं उभं राहायचं, जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते दाखवतात. ताईनं जाकिटाची शिवण उलटून पाहिली. दुहेरी टीप आहे म्हणाली, आणि निर्धास्त झाली.

पहिल्या रात्री आडवी झाले मी, भूगोलवाली. मळमळ, गरगर, सगळं. आमची केबिन खालच्या मजल्यावर, मधोमध होती. तिथं हलणं कमी लागतं असं वाचून मीच ती निवडली होती. पण डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याआधी घ्यायची होती ती मी बोट हलायला लागल्यावर घेतली, आणि वर पोटभर जेवले. तसं करू नका. ताई मला धरून उघड्यावर घेऊन गेली, आल्याचा तुकडा तोंडात दिला आणि म्हणाली, "लांब बघ, पायाशी बघू नको." क्षितिजावर नजर ठेवली की खरंच बरं वाटतं, ते हलत नाही म्हणून. तिला काहीच झालं नव्हतं. म्हणे, पाय मारता मारता वीस वर्षं हलतेच आहे मी.

गोव्यात बोट मुरगावला लागते, वास्कोजवळ. आम्ही टॅक्सीनं मंगेशीला जाऊन आलो. देवळात अंग झाकलेले कपडे लागतात, त्यामुळे आमच्या बोटीवरच्या कितीतरी जणी बाहेर ओढण्या शोधत होत्या. आम्ही साडीत होतो. ताईनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

आता पांढऱ्या संध्याकाळचं. दोन महिने खपून शिवलेल्या त्या साड्या आम्ही नेसलो, केसांत मोगरा माळला (तो मंगेशीच्या दारातून आणलेला, ओल्या रुमालात ठेवलेला), आणि सगळ्यांत वरच्या डेकवर गेलो. मला धाकधूक. तुम्हाला वाटेल, कुणीतरी येऊन विचारलं असेल, ह्या साड्या कुठून घेतल्या. छे! कुणी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. जो तो आपले फोटो काढण्यात गर्क. ताई अर्धा तास खुर्चीत बसून राहिली आणि म्हणाली, "येवढं शिवलं गं मी! बघा तरी कुणीतरी!" मग आम्हा दोघींना जे हसू फुटलं, ते आवरेना. ज्याच्यापायी दोन-दोन महिने झोप उडाली, तिथं बघायला कुणी रिकामंच नव्हतं.

तेवढ्यात वारा वाढला. समोरच एक तरुण बाई, कडेवर मूल, लांब पांढरा झगा कमरेपर्यंत उडतोय, एका हातानं तो धरते तर मूल निसटतंय. ताई उठली. तिच्या बांगडीला कायम सहा-सात सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. तिनं गुडघ्यावर बसून (हो, त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर) त्या झग्याची झालर दोन बाजूंनी आतून अशी पिनली की तो खाली बसला. मग त्या बाईची जाऊ आली, मग तिची मैत्रीण. तोंडात पिना धरून ताई सगळ्यांना "सरळ उभी राहा" म्हणत होती. पिना संपल्या तेव्हा मी माझ्या मंगळसूत्रातल्या दोन काढून दिल्या. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला कुणी गुजराती, कुणी पंजाबी बायका ओळखीचं हसत होत्या. ताईला एवढं हिंदी येतं हे मला तिथं कळलं.

शेवटच्या रात्री मी न्हाणीघरातून बाहेर आले, तर ताई निळा गाऊन घालून आरशासमोर उभी. तो तिनं बॅगेच्या तळाशी, पंचाखाली आणला होता, मला न सांगता. खांद्याला तिनं स्वतःच बाह्या जोडल्या होत्या, कोपरापर्यंतच्या, आणि कमरेत दोन बोटं सैल केला होता. मी काही बोलले नाही. तीही काही बोलली नाही. हात वर करून बघितलं, बसून बघितलं, वळून मागची चेन बघितली. "कापड चांगलं आहे," म्हणाली.

गाऊन न बदलताच झोपली. पहाटे तिनं मला उठवलं. मुंबई यायला लागली होती. आम्ही केस न विंचरता तशाच वर गेलो. डेकवर आम्ही, झाडणारे दोघे, आणि कठड्याशी उभे एक आजोबा. लांबवर दिव्यांची ओळ दिसत होती, आणि वारा तसाच होता. ताईनं शाल अंगाभोवती घट्ट धरली होती. खालून निळी झालर फडफडत होती, आणि ती काही तिनं धरली नाही.